जळालेल्या निगेटिव्ह, परत आलेला अपू: कृष्णधवल चित्रपटांचं रिस्टोरेशन आणि घरी बघायच्या डिस्क

रातराणी

मंडळी,

जुलै १९९३ मध्ये दक्षिण लंडनमधल्या हेंडरसन्स या फिल्म लॅबला आग लागली. तिथली जुनी, झटकन पेट घेणारी नायट्रेट फिल्म भडकली आणि त्या आगीत सत्यजित राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. 'पथेर पांचाली' (१९५५), 'अपराजितो' (१९५६) आणि 'अपूर संसार' (१९५९), अपू नावाच्या मुलाची गोष्ट सांगणारे हे तिन्ही त्यात होते. या निगेटिव्ह कोलकात्याहून निघाल्या होत्या आणि नीट जतन व्हाव्यात म्हणून लॉस एंजेलिसला ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहात जायच्या होत्या. राय यांना मानद ऑस्कर द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या चित्रपटांच्या धड प्रती मिळायची मारामार झाली. तिथून ही धडपड सुरू झाली होती. ज्या निगेटिव्ह वाचवायला म्हणून हलवल्या त्या वाटेत जळाल्या. राय त्याआधी सव्वा वर्ष, एप्रिल १९९२ मध्ये गेले होते.

या गोष्टीतली मला सगळ्यात मोठी वाटते ती बाब पुढची आहे. ते जळके डबे कुणी फेकून दिले नाहीत. अकादमीने ते तसेच मागवून घेतले, नोंदी केल्या आणि शीतगृहात ठेवले. तेव्हाच्या कुठल्याही लॅबला ती फिल्म यंत्रावर चढवता आली नसती. तरीही वीस वर्षं ते डबे जपले गेले. २०१३ मध्ये जुने चित्रपट डिस्कवर काढणारी क्रायटेरियन कंपनी या तीन चित्रपटांचं काम हाती घ्यायला निघाली, तेव्हा ते डबे पुन्हा उघडले. काही रिळांची राख झाली होती. काही कडेने वितळलेली, वाकलेली, हात लावला तर तुकडा पडेल इतकी ठिसूळ होती.

ते सगळं इटलीतल्या बोलोन्याला 'लिम्माजिने रित्रोवाता' या लॅबमध्ये गेलं. तिथल्या लोकांनी सुकून कडक झालेल्या फिल्मला पुन्हा ओलावा दिला, वितळलेली चिकटपट्टी आणि जुना गोंद खरवडून काढला, दोन्ही कडांची तुटलेली छिद्रं नव्याने बसवली, जोड पुन्हा केले. नुसतं हाताचं काम जवळपास हजार तासांचं होतं. त्यानंतर स्कॅन. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के भाग आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग थेट त्या जळक्या मूळ निगेटिव्हमधून मिळाला. 'अपूर संसार'ची निगेटिव्ह मात्र वापरण्याजोगी उरली नव्हती. तो चित्रपट आणि बाकी दोघांतल्या रिकाम्या जागा जगभरच्या संग्रहांतल्या दुय्यम प्रतींवरून, म्हणजे फाइन ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्हवरून भरल्या. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हे चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. 'पथेर पांचाली'चा जगातला पहिला खेळही त्याच संग्रहालयात मे १९५५ मध्ये झाला होता. २०१५ च्याच नोव्हेंबरात ब्लू-रे निघाली.

ही डिस्क आमच्या ग्रुपमध्ये लावली की दर वेळी कुणीतरी म्हणतं, "एवढं रिस्टोर केलं म्हणता, मग चित्र दाणेदार का? मोबाइलवर याहून गुळगुळीत दिसतं." मला वाटतं, आपल्याला चांगली डिस्क ओळखायची सवयच राहिलेली नाही. ते दाणे हाच तर चित्रपट आहे! यावर इथल्या जाणकारांनी लिहावं म्हणून हा धागा.

डोंबिवलीकर

रातराणी, सुंदर लिहिलंय. एक शंका. जगात कुठे कुठे चांगल्या ड्यूप निगेटिव्ह होत्याच, तर त्यावरूनच अख्खा चित्रपट का नाही केला? जळकी फिल्म खरवडत हजार तास कशाला घालवायचे? 'अपूर संसार' तसाच केला ना? तोही चांगलाच दिसतो की.

जुनी_रिळं

डोंबिवलीकर, प्रश्न अगदी योग्य आहे. माझी नोकरी मुंबईतल्या एका लॅबमध्ये गेली, आधी निगेटिव्ह कटिंगला, मग ग्रेडिंगला, म्हणजे शॉटशॉटचा उजेड-अंधार जुळवायला. त्या अनुभवावर सांगतो.

कॅमेऱ्यातून गेलेली फिल्म ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून काढलेली बारीक दाण्याची पॉझिटिव्ह म्हणजे फाइन ग्रेन मास्टर. त्या मास्टरवरून काढलेली निगेटिव्ह म्हणजे ड्यूप, आणि ड्यूपवरून थिएटरच्या प्रिंटा. प्रत्येक पायरीला दोन गोष्टी हातून जातात. एक म्हणजे बारकावे. दुसरी, आणि कृष्णधवलमध्ये जास्त मोलाची, म्हणजे करड्या रंगाच्या छटा. गडद छटा एकमेकींत मिसळून काळ्या होतात, उजळ छटा पांढऱ्याफटक होतात. आणि दाणे वाढत जातात, कारण मास्टरचे दाणे ड्यूपच्या दाण्यांवर बसतात. त्यामुळे ज्याला दाण्यांची तक्रार आहे त्याला तर मूळ निगेटिव्हच जास्त आवडायला हवी. तिच्यातला दाणा सगळ्यात बारीक आणि एकसारखा असतो.

आणखी एक फरक बाहेरच्याला पटकन लक्षात येत नाही. निगेटिव्हच्या पाठीवर ओरखडा असेल तर स्कॅनरमध्ये तो घालवता येतो. वेट गेट म्हणून सोय असते. फिल्म एका द्रवातून जाते, तो द्रव ओरखड्यात भरतो, प्रकाश सरळ आरपार जातो आणि ओरखडा दिसेनासा होतो. पण ड्यूप काढताना मूळ फिल्मवर ओरखडा असेल तर ड्यूपमध्ये त्याचा फोटो निघालेला असतो. तो आता चित्राचाच भाग झाला. त्याला द्रव काही करू शकत नाही. मग संगणकावर बसून एकेका फ्रेममधून तो पुसायचा. सेकंदाला चोवीस फ्रेम, दोन तासांचा चित्रपट, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास फ्रेम झाल्या. हिशेब तुम्हीच करा.

आता राय यांच्याच चित्रपटात हे का महत्त्वाचं, ते सांगतो. छायाचित्रकार सुब्रत मित्र. 'पथेर पांचाली' सुरू केला तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्याआधी त्यांनी कधीच चित्रपट चित्रित केला नव्हता. 'अपराजितो'मधलं बनारसचं घर आठवा. मधला चौक, सभोवार खोल्या, वरून आकाशाचा चौकोन. ते घर बनारसचं नाही, कोलकात्याच्या स्टुडिओत बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेला सेट आहे. चौकात वरून येणारा उजेड सावली न पाडणारा, मऊ हवा. स्टुडिओतले दिवे थेट टाकले तर माणसाच्या चार सावल्या पडतात आणि तो सेट आहे हे लगेच कळतं. सुब्रत मित्रांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्या कापडावर मारून परावर्तित उजेड खाली घेतला. पुढे बाउन्स लाइटिंग नावाने जगभर रुळलेली ही पद्धत त्यांनी तिथे गरजेतून उभी केली.

असा उजेड सगळा मधल्या करड्या छटांमध्ये असतो. अपूच्या आईच्या, सर्बजयाच्या गालावरून भिंतीकडे जाताना छटा इतक्या हळूहळू बदलतात की तिसऱ्या पिढीच्या ड्यूपमध्ये त्या टिकतच नाहीत. त्या जागी उरतो एक सपाट करडा पट्टा. म्हणून 'अपराजितो'चे ६० टक्के मूळ निगेटिव्हमधून मिळाले ही बातमी वाचली तेव्हा मला फार भरून आलं. त्या हजार तासांत सुब्रत मित्रांचा उजेड परत आला.

'अपूर संसार' चांगला दिसतो, मान्य. मास्टर जपून ठेवलेला असेल तर चांगलं काम होतं. पण 'अपराजितो'चा चौक आणि 'अपूर संसार'ची गच्चीवरची खोली लागोपाठ बघा. दुसरीत गडद कोपऱ्यांत थोडं कमी सापडतं.

डोंबिवलीकर

काका, पटलं. रात्री बसून तसंच बघतो. पण एकाच चित्रपटात काही शॉट मूळ निगेटिव्हचे आणि काही ड्यूपचे असतील तर बदल डोळ्यांना खटकणार नाही का?

जुनी_रिळं

नीट बघितलंत तर दिसतो. चांगल्या कामाची तीच परीक्षा असते. ग्रेडरला दोन्हीकडचा काळा आणि पांढरा जुळवावा लागतो, आणि जुळवताना मूळ निगेटिव्हचा चांगुलपणा मारून ड्यूपच्या पातळीला आणायचा नाही, हे पथ्य पाळायचं. सोपा मार्ग तोच असतो, सगळंच एकसारखं मऊ करून टाकायचं. इथे तसं केलेलं नाही. आणि प्रकाश किती ठेवायचा हे निगेटिव्ह कधीच सांगत नाही. ती मुळात फिकी असते. चित्रपट लागला तेव्हाच्या चांगल्या प्रिंटकडे बघूनच ग्रेडिंग करावं लागतं, नाहीतर रात्रीचा प्रसंग दुपारचा होऊन बसतो.

काजवा

दाण्यांच्या प्रश्नावर माझे दोन शब्द. मी हौशी आहे, पण टीव्ही आणि प्लेअरच्या बाबतीत बरीच खटपट केली आहे.

कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचं बनलेलं असतं. चेहरा, धूर, काशफुलं, सगळं त्या कणांचंच. संगणकाला सांगितलं की हे दाणे काढ, तर तो दाणा आणि बारकावा वेगळे करू शकत नाही. दोन्ही नेतो. मग म्हातारीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात. 'पथेर पांचाली'तल्या इंदिर ठाकरुणच्या, म्हणजे चुनीबाला देवींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या तर त्या चित्रपटात उरलं काय? जुन्या हिंदी चित्रपटांच्या कितीतरी डीव्हीडींवर हेच झालंय. माणसं मेणाची दिसतात आणि हालचाल केली की चेहऱ्यामागे पुसट छाया ओढली जाते.

दुसरं, दाणे जपायला जागा लागते. प्रत्येक फ्रेममध्ये दाण्यांची मांडणी वेगळी असते, त्यामुळे ती कॉम्प्रेस होत नाही. डीव्हीडीवर चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ९.८ मेगाबिट मिळतात, ब्लू-रेवर ४० पर्यंत. ऑनलाइन बघताना बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी खाली. म्हणून तोच रिस्टोर केलेला चित्रपट मोबाइलवर गुळगुळीत दिसतो. तिथे दाणे गेलेले असतात आणि त्यांच्याबरोबर कापडाचा पोतही.

घरी हे करा. टीव्हीचा सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. नॉइज रिडक्शन, शार्पनेस, मोशन स्मूदिंग पूर्ण बंद. आणि चित्र ताणू नका. हे चित्रपट १.३७:१ या जवळपास चौकोनी मापाचे आहेत. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच, राहायलाच हवेत. पट्टे घालवायला चित्र झूम केलं की वरून माणसांची डोकी आणि खालून पाय कापले जातात. काही डिस्क तर कंपनीकडूनच तशा कापून आलेल्या असतात. विकत घेण्याआधी मागचं वेष्टन वाचा. कृष्णधवल चित्रपटाच्या डिस्कवर 'वाइडस्क्रीन' असं अभिमानाने लिहिलं असेल आणि चित्रपट १९५३ च्या आधीचा असेल, तर ती घेऊ नका.

पेठेतला

लंडनच्या आगीबद्दल वाचताना पुण्याची आठवण होणं अपरिहार्य आहे. ८ जानेवारी २००३ ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. कोठार होतं जुन्या प्रभात स्टुडिओच्या, म्हणजे आताच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात. 'प्रभात'च्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट प्रती त्यात गेल्या. ज्यांच्या सहज न पेटणाऱ्या सेफ्टी फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या ते चित्रपट आपल्याकडे आजही आहेत, पण पहिल्या पिढीचं जे होतं ते गेलं. काकांनी वर पायऱ्या समजावल्या, त्या वाचल्यावर यातलं नुकसान नीट कळतं. 'संत तुकाराम' (१९३६) आपण आज बघू शकतो हे भाग्यच. पण विष्णुपंत पागनीसांचा चेहरा मूळ निगेटिव्हमध्ये कसा असेल हे आता कुणालाच बघता येणार नाही.

'प्रभात'च्या बाबतीत रिस्टोरेशनची एक वेगळी अडचण आहे. बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोन वेळा चित्रित झाले. 'कुंकू' (१९३७) आणि 'दुनिया न माने' हे एकाचं डबिंग नव्हे, दोन वेगळी चित्रणं आहेत. मराठी प्रतीतला एखादा शॉट खराब असेल तर हिंदीतून उचलून लावता येत नाही. ओठ वेगळे हलतात, उभं राहण्याची जागा वेगळी असते.

आणि आवाज. इथे अजून कुणी आवाजाबद्दल बोललं नाही म्हणून जरा विस्ताराने लिहितो. 'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही. शांतारामबापूंनी मुद्दाम ठेवलं नाही. घड्याळाचे ठोके, पावलं, दार, घरातले आवाज, एवढ्यावर तो चित्रपट उभा आहे. गाणीसुद्धा गोष्टीतच घडतात. शांता आपटे ग्रामोफोन लावून गातात. आता असा चित्रपट डिस्कवर आणताना कुणी उत्साहाने ऑप्टिकल ट्रॅकवरची, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेल्या आवाजाच्या पट्टीवरची सगळी खरखर काढली तर तिच्याबरोबर खोलीची शांतताही जाते. वाक्य संपलं की आवाज एकदम शून्यावर येतो आणि पुढचं वाक्य सुरू झालं की परत उसळतो. कानाला ते फार विचित्र लागतं. केशवराव दाते बोलायचे थांबतात त्या क्षणी त्या घरात काय ऐकू येतं, यावर अख्खा प्रसंग तोललेला आहे. टकटक, फटफट, जोडाचा ठोका, हे जरूर काढावं. तळाशी असलेली बारीक सरसर राहू द्यावी.

जुन्या डिस्कवर आणखी एक घोळ असतो. पाल पद्धतीच्या (भारत-युरोपात रूढ असलेल्या) डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २५ फ्रेमने पळतो, म्हणजे चार टक्के जलद. सव्वा दोन तासांचा चित्रपट पाच-सहा मिनिटांनी आखूड होतो आणि दुरुस्ती केली नसेल तर स्वर अर्ध्या स्वराहून थोडा कमी, एवढा वर चढतो. गाण्यांच्या चित्रपटात हे चालणार नाही. पट्टी बदलते.

अक्षरवेल

सगळं मान्य, पण थोडं वेगळं मत मांडते. माझ्या मुलीला कृष्णधवल म्हटलं की ती उठून जाते. 'नया दौर' रंगीत करून २००७ मध्ये आला, 'हम दोनो' २०११ मध्ये. ते तिने आवडीने पाहिले. जुना चित्रपट नव्या पिढीपर्यंत पोचत असेल तर रंग चढवण्यात एवढं वाईट काय? मूळ प्रत कुठे जाळून टाकली आहे?

रातराणी

अक्षरवेल, मुलीने चित्रपट पाहिले याचा आनंदच आहे. पण मला हे पटत नाही, आणि का ते सांगते.

'मुगल-ए-आझम'चं उदाहरण बरेच जण देतात. तो २००४ मध्ये रंगीत आला. पण त्याची गोष्ट निराळी आहे. १९६० मध्येच त्यातला काही भाग रंगीत होता, आणि के. आसिफ यांना अख्खा चित्रपट रंगीत करायची इच्छा होती. तिथे निदान दिग्दर्शकाच्या मनातलं काही पुरं झालं असं म्हणता येतं. बाकीच्यांचं तसं नाही. कृष्णधवलसाठी उजेड वेगळा रचतात. 'कागज के फूल'मध्ये व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून सूर्यप्रकाश आणून स्टुडिओच्या अंधारात जो झोत सोडला, त्याला कुठला रंग देणार? 'पथेर पांचाली'त पांढऱ्या काशफुलांच्या शेतामागून आगगाडी जाते आणि काळ्या धुराचा पट्टा आकाशात उमटतो. पांढऱ्यावर काळं. अपू आणि दुर्गा आयुष्यात पहिल्यांदा गाडी बघतायत, आणि आपल्याला ते या दोन रंगांतूनच कळतं. तिथे गवत हिरवं आणि आकाश निळं केलं की डोळा फुलांकडे जातो, धूर मागे पडतो.

आणि पैसा तोच असतो गं. रंग चढवायला जो खर्च होतो त्यात निगेटिव्हचं नीट स्कॅनिंग होतं. मुलीला एकदा चांगली डिस्क, दिवे बंद करून, मोठ्या पडद्यावर दाखव. तिने आजवर कृष्णधवल म्हणून जे पाहिलं असेल ते बहुधा पाचव्या-सहाव्या पिढीची, मळकट, कापलेली प्रत असेल. तिला कंटाळा त्याचा आला असणार.

अक्षरवेल

शेवटचं वाक्य विचार करायला लावणारं आहे. तिने आजवर सगळं इंटरनेटवर फुकट मिळालेलंच पाहिलंय, हे खरं. दिवाळीच्या सुट्टीत 'पथेर पांचाली' लावते. रंगाबद्दलचं माझं मत मात्र अजून पूर्ण बदललेलं नाही.

पेठेतला

फुकट मिळतं त्यामागे कायदाही आहे. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे साठ वर्षांहून जुने चित्रपट आज मोकळे आहेत. कुणीही जुनी व्हिडिओ टेप उचलून चढवू शकतो, डिस्क काढू शकतो. मग जो खर्च करून निगेटिव्ह शोधेल, धुऊन स्कॅन करेल, त्याचा माल महाग ठरणार आणि शेजारी तोच चित्रपट फुकट. खासगी कंपनी यात का उतरेल? म्हणून हे काम संग्रहालयांनी आणि सरकारी पैशानेच व्हायला हवं. २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली ३६३ कोटींचं रिस्टोरेशन जाहीर झालं, सुमारे २२०० चित्रपटांचं. अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३), ज्याला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळालं, तो रिस्टोर होऊन २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फीत दाखवला गेला. बातमी वाचून फार बरं वाटलं. पण महोत्सवात एक खेळ होऊन थांबू नये. साताऱ्यातल्या, लातुरातल्या माणसाला तो विकत घेऊन घरी ठेवता आला पाहिजे. सोबत पुस्तिका हवी, कुठल्या फिल्मवरून काय केलं याची नोंद हवी. क्रायटेरियनच्या संचातलं मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. जळक्या रिळांचं काय केलं ते दाखवणारी फिल्मच त्यात आहे.

सॅन_होजेकर

धागा फार आवडला. भारतातल्या मित्रांसाठी व्यवहाराची माहिती देतो, कारण दर वर्षी कुणी ना कुणी माझ्याकडून डिस्क मागवतं आणि ती तिकडे चालत नाही.

ब्लू-रेला विभाग असतात. अमेरिका 'ए', युरोप 'बी' आणि भारत 'सी'. क्रायटेरियनच्या अमेरिकेत निघालेल्या ब्लू-रे 'ए' विभागाच्या असतात. भारतात घेतलेल्या साध्या प्लेअरवर त्या लागत नाहीत. सर्व विभाग चालवणारा प्लेअर असेल तरच मागवा. ४के यूएचडी (ब्लू-रेहून जास्त बारकावे दाखवणाऱ्या) डिस्कना मात्र विभागाचं बंधन नाही, आणि अपूचे तिन्ही चित्रपट त्या स्वरूपातही निघाले आहेत. त्यासाठी यूएचडी प्लेअर लागेल.

नर्तक उदयशंकर यांचा 'कल्पना' (१९४८) इथे कुणाच्या यादीत दिसला नाही. तो मार्टिन स्कोर्सेसी यांच्या फाउंडेशनतर्फे बोलोन्यालाच रिस्टोर झाला, २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि क्रायटेरियनच्या 'वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट'च्या चौथ्या डिस्क-संचात आहे. पुण्याच्या संग्रहालयातली फिल्म त्यासाठी वापरली होती. नृत्याची ज्यांना आवड आहे त्यांनी चुकवू नये.

मिरजकर

नमस्कार. सगळे प्रतिसाद वाचले. आमच्या आजोबांची टुरिंग टॉकीज होती. जत्रांमधून तंबू लावायचे. घराच्या माळ्यावर पत्र्याच्या दोन पेट्या आहेत, आत रिळांचे गंजलेले डबे. काही मोठी रिळं, काही लहान. काही डबे उघडले की आंबट वास येतो. भाऊ म्हणतो भंगारात देऊ, त्यात चांदी असते. हा धागा वाचल्यापासून मी त्याला अडवून ठेवलंय. पुढे काय करावं?

जुनी_रिळं

मिरजकर, भावाला थोपवलंत हे फार चांगलं केलंत. आपल्या मूक चित्रपटांतले बहुतेक आणि 'आलम आरा' (१९३१) अख्खा आज नाही. जुनी फिल्म चांदीसाठी आटवून किती गेली त्याची मोजदादच नाही. तुमच्या डब्यात काय आहे ते कळेपर्यंत एकही रीळ बाहेर जाऊ देऊ नका.

आधी सुरक्षिततेचं बघू. मोठी रिळं ३५ मिलिमीटरची असतील आणि चित्रपट १९५० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा असेल, तर फिल्म नायट्रेट असू शकते. कडेला, छिद्रांच्या बाजूला, बारीक इंग्रजी अक्षरं असतात. 'सेफ्टी' लिहिलं असेल तर काळजी कमी. 'नायट्रेट' लिहिलं असेल, किंवा काहीच नसेल आणि फिल्म चिकट, तपकिरी, भुकटी सुटलेली असेल, तर त्या डब्याजवळ काडी, उदबत्ती, दिवा काहीही नेऊ नका. नायट्रेट पेटली की पाण्याने विझत नाही, जळताना स्वतःच ऑक्सिजन तयार करते. पत्र्याखालच्या माळ्यावरून ते डबे आजच खाली आणा, सावलीत, हवेशीर, घरापासून दूरच्या खोलीत. कुरिअरने किंवा एसटीने पाठवायचं नाही. लहान रिळं १६ मिलिमीटरची असतील तर ती बहुधा सेफ्टीच असतात.

आंबट वास व्हिनेगरचा. सेफ्टी फिल्मचा पाया कुजायला लागला की ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि एका रिळाची वाफ शेजारच्या रिळाला लागते. वासाचे डबे वेगळे करा. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करू नका, वाफ आत कोंडते आणि कुजणं वाढतं. डबे आडवे ठेवा. पुसू नका, धुऊ नका, उलगडून बघायचा मोह आवरा आणि प्रोजेक्टरवर तर मुळीच चढवू नका. आकसलेली फिल्म दात्यांवर बसत नाही, छिद्रं फाटत जातात.

मग प्रत्येक डब्याचा फोटो घ्या, वरचं लेबल, हाताने लिहिलेलं काही असेल ते, सुरुवातीच्या हातभर फिल्मच्या कडेची अक्षरं. यादी करा. ती घेऊन पुण्याला चित्रपट संग्रहालयात जा. आता ते एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अखत्यारीत आहे. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन हेच काम करते. रिळं सोबत नेऊ नका, आधी यादी आणि फोटो दाखवा. नायट्रेट निघाली तर ती कशी हलवायची ते तेच सांगतील.

मिरजकर

काका, फार आभार. आज दुपारी भाऊ आणि मी दोन्ही पेट्या खाली उतरवल्या. परसातल्या रिकाम्या खोलीत ठेवल्यात, वासाचे डबे निराळे काढलेत. लहान रिळांपैकी एकीच्या कडेला 'सेफ्टी' स्पष्ट वाचता आलं. मोठ्यांपैकी तीन डबे गंजून बंद झालेत, ते उघडत नाहीत. जोर लावायचा का?

जुनी_रिळं

नाही. हातोडी, पेचकस काही लावू नका, ठिणगीही नको आणि धक्काही नको. बंद डब्यांचे बाहेरून फोटो काढा, यादीत 'उघडत नाही' असं लिहा आणि तसेच राहू द्या. मी पुढच्या महिन्यात कोल्हापूरला येतोय. व्यक्तिगत संदेशात पत्ता कळवा, मिरजेला उतरून बघून जाईन.